उपचार केसपेपरच्या खिडकीपाशीच सुरू होतात

रुग्णालयातल्या माणसांशी होणारी पहिली गाठ आणि तिचा पुढच्या उपचारांवर होणारा परिणाम, या विषयावर आम्ही प्रश्न मागवले होते. पत्रं रुग्णांची आली, नातेवाइकांची आली आणि रुग्णालयात काम करणाऱ्यांचीही आली. एकाच आशयाची पत्रं एकत्र करून त्यांतली सहा इथे घेतली आहेत.

तालुक्याच्या गावी आमचं वीस खाटांचं रुग्णालय आहे. ‘डॉक्टर देवमाणूस, पण तिथली माणसं अंगावर येतात’ असं लोक बोलतात. कर्मचाऱ्यांना नीट बोलायला सांगितलं की चार दिवस फरक पडतो, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. सुरुवात कुठून करावी?
— रुग्णालयचालक, सांगली जिल्हा

‘नीट बोला’ या सूचनेपासून तर नकोच. खिडकीवरचा माणूस बहुधा स्वभावाने तिरसट नसतो. तो केसपेपर लिहितो, पैसे घेतो, फोन उचलतो आणि ‘डॉक्टर आले का?’ याचं उत्तर सकाळपासून पन्नासाव्यांदा देतो. पन्नासाव्याला उत्तर मिळतं, पण खेकसून. विचारणाऱ्याची मात्र ती पहिलीच वेळ असते.

म्हणून आधी हे प्रश्न कमी करा. खिडकीसमोरच्या बाकावर सकाळी नऊ ते अकरा एकाला वही घेऊन बसवा आणि खिडकीवर येणारा प्रत्येक प्रश्न लिहून घ्या. यादी बघितली की कळेल, फिरून फिरून तेच तीन-चार प्रश्न आहेत: डॉक्टर कधी बसणार, कितवा नंबर चालू आहे, पैसे आधी की नंतर, रिपोर्ट कुठे मिळणार. त्यांची उत्तरं ठळक अक्षरांत फळ्यावर लिहा आणि चालू नंबर दर वेळी बदला. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी नंबर मोठ्याने पुकारा, सोबत नावही घ्या. फोन खिडकीवरून हलवून दुसऱ्याकडे द्या. एवढ्याने आवाज पुष्कळ खाली येतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. ‘काय होतंय?’ हा प्रश्न तुमच्याकडे कुठे विचारला जातो? खिडकीवर विचारला जात असेल तर आजच थांबवा. मागे रांगेत गावातली चार माणसं उभी असताना कोणतीही बाई ‘अंगावर जातंय’ म्हणणार नाही. ती म्हणेल, ‘कणकण आहे, अंग दुखतंय.’ केसपेपरवर ‘ताप, अंगदुखी’ असं लिहिलं जातं, डॉक्टर तेच वाचून तिथूनच पुढे विचारतात आणि खरी तक्रार पदरात बांधून बाई घरी जाते. मूळव्याध, लघवीची जळजळ, स्तनातली गाठ, दारूचं व्यसन, महिनाभराचा खोकला, सगळ्यांचं असंच होतं. खिडकीवर नाव, वय, गाव आणि ‘कोणाला दाखवायचंय?’ एवढंच विचारावं. तक्रार पडद्यामागे, वजन आणि बीपी घेतात त्या जागी, परिचारिकेने विचारावी. पडदा नसेल तर खुर्ची भिंतीकडे वळवा आणि पुढच्या रुग्णाला सहा-सात फूट मागे थांबवा.

खिडकीच्याही आधी दारातला रखवालदार भेटतो, आणि त्याला प्रशिक्षण देण्याचं कोणाच्या डोक्यातही येत नाही. त्याला तीन गोष्टी पक्क्या सांगा. छातीत दुखणारा, धाप लागलेला, फिट आलेला, तोंड वाकडं झालेला किंवा बोलणं अडखळणारा, साप चावलेला, कळा सुरू झालेली किंवा रक्त जात असलेली बाई यांना केसपेपरसाठी न थांबवता थेट आत न्यायचं. चाकाची खुर्ची कुठे असते ते त्याला माहीत हवं. आणि ‘काय पाहिजे?’ असं न विचारता ‘या, कुठे जायचंय?’ असं विचारायचं.

थांबावं लागणार असेल तर ‘पाच मिनिटांत येतील’ हे वाक्य कोणीही उच्चारू नये. पाचाची पन्नास झाली की त्या रुग्णालयाच्या पुढच्या कोणत्याच शब्दावर विश्वास राहत नाही, डॉक्टरांच्या शब्दावरही नाही. त्याऐवजी असं सांगा: ‘डॉक्टर सिझेरियनला गेलेत, पाऊण तास तरी लागेल. चहा घेऊन या, तुमचा नंबर जाणार नाही.’ शेवटचे चार शब्द विसरू नका, कारण नंबर जाईल या भीतीनेच माणसं दाराला चिकटून उभी राहतात. दर वीस मिनिटांनी बाहेर येऊन एकदा सांगावं, नवीन काही सांगण्यासारखं नसलं तरी.

तातडीचा रुग्ण आला की नातेवाइकाच्या कानावर पडणारं पहिलं वाक्य रुग्णाबद्दल असावं, पैशाबद्दल नको. ‘आत घेतलंय, डॉक्टर बघतायत’ हे आधी, डिपॉझिटचं बोलणं नंतर. खासगी रुग्णालयांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी, असं महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नियमांत 2021 सालच्या दुरुस्तीने सांगितलंच आहे. ती दाराआड किंवा कुंडीमागे न लावता खिडकीशेजारी, डोळ्यांच्या उंचीवर, मराठीत लावा. जन आरोग्य योजना तुमच्याकडे असेल तर आरोग्यमित्र कुठे बसतो, त्याचा बाणही तिथेच हवा.

इतकं करूनही कोणाशी वाकडं बोललं गेलं, तर जो बोलला त्यानेच, त्याच दिवशी, त्या माणसापाशी जाऊन ‘मघाशी मी चढ्या आवाजात बोललो, चुकलं’ असं म्हणावं. मालकाने केबिनमध्ये बोलावून मागितलेल्या माफीने मन निवळत नाही.

मी परिचारिका प्रशिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वॉर्डात पहिल्यांदा रुग्णासमोर गेल्यावर काय बोलावं ते सुचत नाही, मग मी सरळ कामाला लागते. सिस्टर म्हणतात, कामाशी मतलब ठेव. खरंच बोलण्याची गरज आहे का?
— विद्यार्थिनी, नांदेड

आहे, आणि त्यासाठी वेगळा वेळ लागत नाही. हातांना सॅनिटायझर चोळायला 20 ते 30 सेकंद लागतात. ते रुग्णाच्या पायथ्याशी, त्याला दिसेल असं उभं राहून चोळा आणि तेवढ्यात बोला: ‘नमस्कार काका, मी अमुक, नर्सिंगची विद्यार्थिनी. आज दुपारी दोनपर्यंत मी तुमच्याकडे आहे. आत्ता रक्त घ्यायला आले आहे.’ नाव, काम, किती वेळ, आत्ता काय. हात स्वच्छ केलेले त्याने डोळ्यांनी बघितलेले असतात, हा आणखी एक फायदा.

ब्रिटनमधल्या डॉक्टर केट ग्रेंजर 2013 मध्ये कर्करोगाच्या उपचारांदरम्यान रुग्ण म्हणून दाखल होत्या. आपल्यावर उपचार करणाऱ्यांपैकी कितीतरी जण स्वतःचं नावही सांगत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं. ‘हॅलो, माय नेम इज’ एवढ्या साध्या वाक्यापासून त्यांनी मोहीम सुरू केली आणि ती देशोदेशी पसरली. 2016 मध्ये त्यांचं निधन झालं. नाव सांगणं हा निव्वळ शिष्टाचार नव्हे, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्याचं नाव माहीत आहे त्याला माणूस हाक मारतो. ज्याचं माहीत नाही त्याची वाट बघत सलाईन संपेपर्यंत पडून राहतो.

हाक कशी मारावी? आपल्याकडे काका, मावशी, आजी, दादा ही हाक बहुतेकांना जवळची वाटते. पण ‘अहो आजी’ आणि ‘ए आजी’ यांत फार अंतर आहे. चाळिशीच्या बाईला ‘आजी’ म्हटलं तर पहिल्याच शब्दाला ती दुखावते. शंका असेल तर आडनावाने हाक मारा. ‘सात नंबर’ किंवा ‘हर्नियावाले’ असं रुग्णाला ऐकू येईल अशा ठिकाणी कधीच म्हणू नका. मात्र ओळख पटवण्यासाठी हाक पुरेशी नाही. ‘तुम्ही शिंदेच ना?’ असं विचारलं की गुंगीतला माणूस पाटील असला तरी ‘हो’ म्हणतो. ‘तुमचं पूर्ण नाव सांगा’ असं विचारा आणि मनगटावरच्या पट्टीवरचं नाव व नोंदणी क्रमांक ताडून बघा.

आता सुईबद्दल. ‘मुंगी चावल्यासारखं होईल’ हे आपलं ठरलेलं वाक्य आहे. 2010 मध्ये बोस्टनमधल्या एका अभ्यासात प्रसूतीसाठी आलेल्या 140 स्त्रियांना पाठीत भुलीची सुई देण्याआधी दोन वेगवेगळी वाक्यं सांगितली होती. निम्म्यांना ‘मधमाशी डसल्यासारखं वाटेल, सगळ्यात वाईट भाग हाच’ असं, आणि निम्म्यांना ‘जागा बधीर करणारं औषध देतो आहोत, म्हणजे पुढे तुम्हाला त्रास होणार नाही’ असं. सुई तीच, औषध तेच. दहापैकी किती दुखलं हे विचारल्यावर पहिल्या गटाचा मधला आकडा 5 आला, दुसऱ्या गटाचा 3. तेव्हा मुंगी, मधमाशी, विंचू सगळे बाहेर ठेवा. ‘आता सुई लावते, हात सैल सोडा, श्वास सावकाश सोडा’ एवढं पुरे. ‘अजिबात दुखणार नाही’ असं खोटंही सांगू नका. ते एकदा पकडलं गेलं की पुढची प्रत्येक सुई जड जाते.

रक्त घेताना दंडाचा पट्टा एक मिनिटाहून जास्त वेळ बांधलेला ठेवू नये आणि मूठ पुन्हा पुन्हा उघडझाप करायला सांगू नये, त्याने पोटॅशियमचा आकडा खोटा वाढतो. दोनदा शीर चुकली तर तिसऱ्यांदा दुसऱ्याला बोलवा. ‘मला मिळत नाहीये, अनुभवी सिस्टरना बोलावते’ असं म्हटल्याने मान जात नाही. तिसऱ्यांदा चुकल्यावर मात्र जातो.

आईचं बीपी घरी 130 च्या आसपास असतं आणि दवाखान्यात 160 निघतं. तिथले नवीन डॉक्टर जरा कडक आहेत, आई त्यांना बिचकते. डॉक्टर गोळी वाढवायची म्हणतात. भीतीने एवढा फरक पडतो का?
— एक मुलगी, ठाणे

पडतो, आणि तो मोजला गेलेला आहे. 1983 मध्ये इटलीत जूसेप्पे मानचिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या धमनीतच रक्तदाब सतत मोजणारी नळी ठेवली आणि मग डॉक्टरांना खाटेपाशी पाठवलं. पहिल्या चार मिनिटांत वरचा आकडा सरासरी 27 ने आणि खालचा 15 ने चढला. दहा मिनिटांपर्यंत तो बराच उतरला होता. पुढच्या अभ्यासात परिचारिका गेल्यावर ही वाढ साधारण निम्मीच दिसली. म्हणजे डॉक्टरांनी आत येताच पट्टा बांधला, तर आकड्यात त्यांच्या येण्याचाही वाटा असतो.

तरीही आईची गोळी तुम्ही स्वतःहून कमी-जास्त करू नका. आधी मोजणं दुरुस्त करा. मोजण्याच्या अर्धा तास आधी चहा, कॉफी, तंबाखू काही नको. मिश्रीही तंबाखूच, हे अनेक घरांत लक्षात येत नाही. लघवी करून यावं. पाठ टेकून, पावलं जमिनीवर सपाट, पायांची तिढी न घालता पाच मिनिटं गप्प बसावं. दंड उघडा, पट्टा हृदयाच्या पातळीला, हाताखाली टेबल. मोजताना बोलू नये, कोणी काही विचारलं तरी. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा जास्त येतो, तेव्हा मोठा पट्टा मागावा. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी घ्यावी.

घरी सात दिवस सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा मोजून तारीख आणि वेळेसह वहीत लिहा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरच्या मोजणीत ती 135/85 च्या खाली असेल तर वही आणि घरचं यंत्र दोन्ही दवाखान्यात न्या, म्हणजे यंत्र बरोबर आहे का तेही तपासता येईल. डॉक्टरांना सरळ सांगा, ‘आई दवाखान्यात घाबरते, या घरच्या नोंदी बघाल का?’ कडक दिसणारे डॉक्टरही लिहिलेल्या आकड्यांकडे लक्ष देतात. चोवीस तासांचं यंत्र लावून बघणं हा पुढचा पर्याय आहे.

मी सरकारी रुग्णालयात निवासी डॉक्टर आहे. एका ओपीडीत शंभरावर रुग्ण होतात. ‘रुग्णाचं ऐकून घ्या’ हा सल्ला ठीक आहे, पण वेळ कुठून आणू?
— निवासी डॉक्टर, मुंबई

तुमची अडचण खरी आहे. माणसं वाढवल्याशिवाय ती पूर्ण सुटणार नाही, आणि गोड बोलून गर्दीवर पांघरूण घालावं असं आम्ही सुचवणारही नाही. पण रुग्णाला बोलू दिलं तर तो थांबतच नाही, ही समजूत मोजणीत टिकत नाही. 1984 मधल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात डॉक्टरांनी रुग्णाला सरासरी 18 सेकंदांत अडवलं होतं. उलट स्वित्झर्लंडमध्ये 2002 साली 335 रुग्णांना मुद्दाम न अडवता बोलू दिलं. सरासरी 92 सेकंदांत ते आपणहून थांबले, आणि दर दहांपैकी जवळजवळ आठ जण दोन मिनिटांच्या आत. शंभर रुग्णांना दोन-दोन मिनिटं देणं तुम्हाला जमणार नाही, हे मान्य. पण पहिली तीस सेकंदं मान वर ठेवून, पेन खाली ठेवून ऐकता येतात. तेवढ्या वेळात निदान मुख्य तक्रार तरी कानावर पडते, आणि ‘डॉक्टरांनी बघितलंसुद्धा नाही’ असं म्हणत रुग्ण बाहेर पडत नाही.

वॉर्डात राउंड घेताना जमेल तिथे बसा. कॅन्ससमध्ये मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासात बसून बोललेले डॉक्टर प्रत्यक्षात उभ्यांपेक्षा थोडा कमीच वेळ थांबले होते, तरी रुग्णांना ते जास्त वेळ थांबल्यासारखे वाटले. एक स्टूल पुरतं.

शेवटचा प्रश्नही सुधारा. ‘आणखी काही नाही ना?’ या वाक्यातच ‘नाही’ आहे. रुग्ण मान डोलावतो, उठतो आणि दाराच्या कडीला हात लावून म्हणतो, ‘साहेब, एक सांगायचं राहिलं, रात्री छातीत भरून येतं.’ तोवर पुढचा आत आलेला असतो. त्याऐवजी सुरुवातीलाच विचारा, ‘याशिवाय आणखी कोणता त्रास आहे?’ बोलीतले शब्दही ओळखीचे करून घ्या. कसर म्हणजे अंगात मुरलेला बारीक ताप, चमक म्हणजे एकाएकी उठणारी कळ. ‘पित्त’ मात्र सगळ्यांत फसवं. त्यात जळजळ, डोकेदुखी, चक्कर, अंगावर उठणाऱ्या गांध्या काहीही असू शकतं, कधी हृदयाचं दुखणंही. पित्त म्हणणाऱ्याला ‘म्हणजे नेमकं काय होतं?’ हे विचारल्यावाचून गोळी लिहू नका.

मी डॉक्टर आहे, पण रुग्ण मला ‘सिस्टर’ म्हणतात आणि माझ्या शेजारच्या पुरुष ब्रदरला ‘डॉक्टरसाहेब’. वाईट वाटतं. काय करावं?
— वाचक, छत्रपती संभाजीनगर

वाईट वाटणं साहजिक आहे. यात परिचारिकेचं काम कमी आहे असं नव्हे, तर बाई दिसली की सिस्टर आणि पुरुष दिसला की डॉक्टर, हे डोळ्यांना लागलेलं जुनं वळण आहे. रुग्णाचंही त्यात नुकसान होतं. ‘डॉक्टर आलेच नाहीत’ असं तो घरी सांगतो आणि तुमच्या सूचना निम्म्याच कानावर घेतो. पहिल्या वाक्यात ‘मी डॉक्टर अमुक, तुमच्यावरचे उपचार मी ठरवते आहे’ असं सांगा. ओळखपत्रावर संस्थेचं नाव मोठं आणि माणसाचं बारीक असतं, ते उलटं करून घ्या. ‘डॉक्टर’, ‘परिचारिका’, ‘तंत्रज्ञ’ हा शब्द मराठीत, निदान एक सेंटिमीटर उंचीच्या अक्षरांत हवा. ओळखपत्र गळ्यातल्या दोरीला लावलं की फिरून पाठमोरं होतं, म्हणून खिशाला चिमट्याने लावा. ब्रदरलाही सांगून ठेवा, ‘डॉक्टरसाहेब’ म्हटल्यावर त्याने लगेच ‘डॉक्टर या आहेत’ असं म्हणावं.

गोड बोलणारे डॉक्टर चांगले आणि तुटक बोलणारे वाईट, असं आपण पहिल्याच भेटीत ठरवतो. हे कितपत खरं असतं? आणि माझ्या दोन वर्षांच्या नातवाचं काय, तो तर पांढरा कोट दिसला की किंचाळतो!
— आजोबा, फोंडा, गोवा

गोड बोलण्याने त्रास खरंच हलका होतो. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोस्टनच्या अभ्यासात आतड्यांच्या एका चिवट त्रासाचे 262 रुग्ण तीन गटांत विभागले होते. नुसतं नोंदीवर ठेवलेल्यांपैकी 28 टक्क्यांना तीन आठवड्यांत पुरेसा आराम वाटला. ॲक्युपंक्चरच्या खोट्या सुया लावून ज्यांच्याशी मोजकंच बोललं गेलं त्यांच्यापैकी 44 टक्क्यांना, आणि त्याच खोट्या सुयांसोबत ज्यांच्याशी आपुलकीने सविस्तर बोललं गेलं त्यांच्यापैकी 62 टक्क्यांना. पण हा आराम रुग्णाने स्वतः सांगितलेला होता. आपुलकीने गाठ विरघळत नाही, की हाड जुळत नाही. म्हणून गोडवा मोजा, पण शेजारी आणखी तीन-चार गोष्टी बघा. फलकावर आणि चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक आहे का? तपासण्याआधी हात धुतले का? आधीची औषधं आणि ॲलर्जी विचारली का? तपासणी कशासाठी, हे विचारल्यावर उत्तर मिळतं का? पुरुष डॉक्टर स्त्रीला तपासताना दुसरी स्त्री हजर असते का? एखाद्या तुटक डॉक्टरने हे सगळं केलं असेल तर त्यांना दुसरी भेट जरूर द्या. अपमान केला असेल तर नको.

नातवासाठी: डॉक्टरांना कोट काढून ठेवायची विनंती करता येते, अनेक बालरोगतज्ज्ञ तो घालतही नाहीत. मुलाला टेबलावर झोपवू नका, आईच्या मांडीवरच तपासू द्या. डॉक्टरांनी आधी दोन मिनिटं आईशीच बोलावं, मुलाकडे टक लावून बघू नये. स्टेथोस्कोप आधी आईच्या हाताला, मग बाहुलीला, मग त्याला. मूल शांत असेपर्यंत छाती ऐकून घ्यावी, कारण रडायला लागल्यावर ती नीट ऐकू येत नाही. लस द्यायची असेल तर मांडीवर उभं धरून द्यावी, आणि अंगावर पीत असेल तर पाजता पाजता. एकाच दिवशी दोन लसी असतील तर जास्त झोंबणारी नंतर. कान आणि घसा सगळ्यात शेवटी.